तिकिटाच्या पाठीवर

एकतीस वर्षं मी कदंबचा कंडक्टर होतो.
सुटे नसले की तिकिटाच्या पाठीवर
पेनने लिहायचो : तीन रु. बाकी.
उतरताना मागून घ्या.
निम्मी माणसं विसरायची.
ते पैसे कुठे गेले, हे मला विचारू नका.

म्हणून हिशेब आला की अजूनही
हात खिशातलं तिकीटच शोधतो.

मये ते म्हापसा, दोन माणसं, साठ रुपये.
शुक्रवार होता, तरी सुलक्षा बाजारात थांबली नाही.
मोयऱ्याची केळी, हरमलची मिरची,
लग्नात टाळायच्या नातेवाइकांना टाळावं
तशी टाळत ती सरळ गेली
नव्या स्वस्त मॉलच्या सरकत्या दारात.

आत गारवा, आणि सगळ्या आकड्यांच्या शेवटी नऊ.
तिला जरा चुकल्यासारखं झालं.
भाव पाडायचा तर कुणाशी?
शेल्फासमोर उभी राहून एकदा म्हणालीसुद्धा,
"बरोबर लाव हां,"
आणि इकडेतिकडे बघून हसली.

तेल, दोन पाकिटं : छत्तीस वाचले.
धुण्याची पावडर : चव्वेचाळीस.
साखर पाच किलो : वीस.
एक बादली, जांभळी, नव्व्याण्णवला.
बादली का, हे दोघांनाही सांगता येणार नाही.
ती दारातच होती, एकीत एक बसवलेली,
आणि प्रत्येकाच्या हातात एक.

रांगेत पुढे ओळखीची मान.
रोहिदास नार्वेकर.
आमच्या वाड्यावरचा पसरकार,
ज्याच्या दुकानासमोरून आज सकाळी आम्ही
पिशव्या घडी करून काखेत लपवून गेलो होतो.

मी औषधांच्या जाहिरातीकडे बघू लागलो.
तोही बघू लागला.
जाहिरात एकच होती.

त्याची ट्रॉली माझ्यापेक्षा भरलेली.
साबण डझनांनी, चहा, काडेपेट्या,
आणि तेल, चारच पाकिटं,
कारण एका बिलावर चारच देतात.
शेवटी तोच मागे सरकला, हळू म्हणाला,
"तुमची दोनच दिसतात, मास्तर.
आणखी दोन तुमच्या बिलावर घालतां?
आमचा होलसेलवाला याहून महाग देतो."

घातली.
माझ्या बसमध्ये किती जण
एका रुपयाने कमी पडायचे,
त्यांना मी बसवून घेतलेलं आहे.
हे काही निराळं नव्हतं.

बाहेर उसाचा रस, दोन ग्लास, चाळीस.
तो मी पाजला. रोहिदास नको म्हणाला,
त्याला साखर आहे.
परतीला त्याच्या पिकअपमध्ये बसलो तिघं,
बादली सुलक्षाच्या मांडीवर.
अस्नोड्याच्या पुलावर मी तिकीट काढलं.
वाचले शंभर.
गेले शंभर.
"बादली धरायची नाही," सुलक्षा म्हणाली.
"घरात वस्तू आली ना?"
रोहिदास गिअर बदलत म्हणाला,
"माझं डिझेल कोण धरतं?"

मग कुणीच काही धरलं नाही
डिचोलीपर्यंत.

आठ दिवसांनी तेल संपलं. दोन पाकिटं
पुरतील, हाही हिशेब चुकलाच होता.
एका पाकिटासाठी म्हापशाला कोण जातो?
रोहिदासने फळीवरून काढून दिलं.
कोपऱ्यात सवलतीचा स्टिकर
नखाने खरवडलेला, चिकट,
त्यावर एक मुंगी अडकलेली.
पाकीट माझ्या बिलावरचं की त्याच्या,
त्यालाही ठाऊक नसणार.
किंमत छापील.
अठरा रुपये जास्त, आणि घरापासून
साठ पावलं.

मी दिलेल्या नोटेतून तीन परत यायचे होते.
गल्ल्यात बोटं फिरवून तो म्हणाला,
"मास्तर, सुटे नाहीत."
बरणीतून एक लिमलेटची गोळी काढून
माझ्या तळहातावर ठेवली.

एकतीस वर्षं मी हे दुसऱ्यांना केलं.
गोळीसुद्धा न देता.

दुकानाच्या पायरीवरच कागद सोडवला.
"परवडलं का?" सुलक्षाने घरी विचारलं.
गालात गोळी होती, मला नीट बोलता येईना.
ती जांभळ्या बादलीत
भात धूत होती.